माथाडींचे अण्णासाहेब

कऱ्हाडाहून ढेबेवाडीच्या बाजूस निघालें म्हणजे वांग नदीचें खोरें लागतें. दोन्ही अंगांस सह्याद्रीचे डोंगर, मध्यें चिंचोळी शेतजमीन, आणि सुगी सरली कीं वरकस रानांत करण्यासारखें काम थोडें. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांतील ह्या भागांतले तरुण कित्येक पिढ्या पोटासाठीं मुंबईची वाट धरीत आले आहेत. कोणी गिरणींत गेला, कोणी गोदींत, कोणी पोलिसांत. आणि ज्याच्यापाशीं अक्षर नाहीं, वशिला नाहीं, पण मान व पाठ बळकट आहे, तो ओझें उचलूं लागला. ह्याच भागांतील मंद्रुळकोळे या गांवीं २५ सप्टेंबर १९३३ रोजीं अण्णासाहेब पाटील यांचा जन्म झाला. सातारा व सांगली जिल्ह्यांतील पुष्कळ घरांतून कोणाचा आजा, कोणाचा चुलता मुंबईस माथाडी म्हणून राबलेला आहे. तेव्हां आमच्या वाचकांना हें चरित्र परक्याचें वाटणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.

माथाडी हा शब्द माथ्यावरून आला. जो माथ्यावर किंवा पाठीवर माल वाहतो तो माथाडी. बाजारांत त्याचे सोबती अनेक: तोलणार, मापाडी, वारणार, पालदार. प्रत्येकाचें काम निराळें, पण सर्वांचा भार अखेर शरीरावर. मुंबईस मशीदबंदरच्या वखारींत, लोखंडबाजारांत, कापडबाजारांत, रेल्वेच्या धक्क्यांवर हीं माणसें पहाटेपासून उभीं असत. साखरेचें पोतें त्या काळीं शंभर किलोंचें असे. गव्हा-तांदळाचेंही जवळजवळ तितकेंच. मालमोटारीवरील दोघे जण पोत्यास आकडी लावून तें उभें करीत, खालचा गडी मोटारीकडे पाठ करून वांकून उभा राही, आणि पोतें त्याच्या मानेखालीं पाठीवर सोडलें जाई. मग अरुंद फळीवरून, कधीं ओल्या लादीवरून, तो वखारींत जाई आणि रचलेल्या थप्पीच्या पायऱ्यांनीं चढून तें छतापाशीं नेऊन टाकी. ज्याचें स्वतःचें वजन पंचावन्न किलो, तो आपल्या जवळजवळ दुप्पट वजन घेऊन चढत असे. आणि हें दिवसांतून एकदां नव्हे, तर पोतीं मोजणाऱ्याचीं बोटें दुखेपर्यंत.

ओझें उचलण्याच्या क्रियेंत शरीराचें काय होतें, हें येथें थोडें विस्तारानें सांगावेसें वाटतें. आमच्या विद्यार्थ्यांना तरफेचा नियम ठाऊक असतो. परंतु तो आपल्याच कमरेला लागू आहे, हें स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशीं वर्गांतील बाकें उचलतांना त्यांच्या ध्यानांत राहत नाहीं. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक बसविलेले मणके, आणि दोन मणक्यांच्या मध्यें मऊ चकती. मनुष्य कमरेंत वांकून हात लांबवून ओझें उचलतो, तेव्हां तें ओझें कमरेपासून हातभर दूर असतें, आणि त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायु मात्र कण्यापासून अवघ्या दोन-तीन बोटांवर असतात. लांब बाजूचें वजन आखूड बाजूनें तोलावयाचें, म्हणजे जोर कित्येक पट लागणार. आणि तो सारा दाब कमरेच्या चकत्यांवर पडणार. वीस किलोंची पेटीसुद्धां अशा रीतीनें उचलली, तर चकतीवर येणारा भार वीस किलोंच्या किती तरी पट होतो. त्यांत उचलतां उचलतां कमरेंत पीळ बसला, तर चकतीचें बाहेरचें कडें फाटून आंतील मऊ भाग बाहेर डोकावतो, शीर दाबली जाते आणि कळ थेट पायापर्यंत उतरते. एकदां हें झालें म्हणजे तो मनुष्य पूर्वीसारखा कामाचा राहीलच असें सांगतां येत नाहीं.

म्हणून जाणता हमाल ओझें आधीं हलवून पाहतो. दोन्ही पायांत अंतर ठेवून तो गुडघ्यांत बसतो, पाठ ताठ ठेवून ओझें छातीशीं घेतो, आणि मांड्यांच्या जोरावर उठतो. वळावयाचें तर कमरेंतून न वळतां पाऊल टाकून वळतो. वाट मोकळी आहे कीं नाहीं हें उचलण्यापूर्वीं पाहून घेतो, आणि ओझें आपल्या आवांक्याबाहेरचें वाटलें तर हांक मारून दुसऱ्याला बोलावतो. हें शास्त्र त्याला कोणीं पुस्तकांतून शिकविलेलें नसतें. आपल्या शरीराची मर्यादा कोठें संपते, हें त्याच्याइतकें डॉक्टरलाही कळत नसेल.

मग प्रश्न असा, कीं हें सारें ठाऊक असून मुंबईचा माथाडी ऐन उमेदीच्या वयांत कमरेनें अधू कां होई? आमच्या मतें अण्णासाहेबांच्या सर्व कार्याचें मर्म ह्याच प्रश्नांत आहे. माथाडीला मजुरी मिळे ती नगावर. जितकीं पोतीं, तितके पैसे. ज्या दिवशीं अंगांत ताप, त्या दिवशीं चूल थंड. शिवाय काम थेट व्यापाऱ्याकडून मिळत नसे. मध्यें टोळीवाला असे. तो बाजारांतून काम उचली, टोळी लावी, आणि आलेल्या पैशांतून आपला वांटा आधीं काढून घेई. पोत्याखालीं एखादा गडी सांपडून पाय मोडला, तर व्यापारी म्हणे हा टोळीवाल्याचा माणूस, आणि टोळीवाला म्हणे मी तरी कोठला मालक. दोघांच्या मध्यें तो मोडलेला पाय कोणाचाच नसे. गड्याला गांवीं पाठवून देत आणि त्याच्या जागीं त्याच गांवचा दुसरा तरुण येई. अशा स्थितींत शंभर किलोंच्या पोत्याला नको म्हणणें हें शहाणपण खरें, पण तें परवडणारें नव्हतें. मर्यादा ओळखणें ही एक गोष्ट, आणि ती पाळतां येणें ही दुसरी.

कायदे नव्हते असें नाहीं. आपल्या देशांत १९४८ सालच्या कारखाने कायद्यांत असें कलम होतें, कीं ज्या ओझ्यानें कामगारास इजा होण्याचा संभव आहे, तें ओझें त्याला उचलावयास लावूं नये. परंतु बाजारपेठ म्हणजे कारखाना नव्हे, आणि माथाडी हा कोणाच्या हजेरीपटावर नव्हता. त्यामुळें तें कलम त्याच्या पाठीपर्यंत पोंचत नसे. जगांतही ह्या विषयाकडे सावकाशच लक्ष गेलें. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें १९६७ सालीं माणसानें वाहावयाच्या ओझ्यासंबंधीं करार व शिफारस मंजूर केली. प्रौढ पुरुषानें एकट्यानें वाहावयाचें वजन ५५ किलोंहून अधिक असेल, तर तें शक्य तितक्या लवकर त्या मर्यादेपर्यंत खालीं आणावें, आणि स्त्रिया व अल्पवयी कामगार यांचें ओझें त्याहून पुष्कळच कमी असावें, असें तिचें सांगणें होतें. जिनिव्हेंत हा विचार होत होता, त्या वेळीं मशीदबंदरांत शंभर किलोंचीं पोतीं पाठीवरून चाललींच होतीं.

अण्णासाहेब तरुणपणींच मुंबईस आले. ओझें म्हणजे काय हें त्यांनीं दुरून पाहिलेलें नव्हतें. त्यांनीं स्वतः हमाली केली होती. ह्या माणसांची संघटना बांधणें गिरणी कामगारांच्या संघटनेहून किती कठीण होतें, हें लक्षांत घेतलें पाहिजे. गिरणीला एक दरवाजा असतो, एक मालक असतो, एक भोंगा असतो. माथाडीचे मालक शेंकडों, कामाची जागा रोज निराळी, आणि टोळीवाला हा पुष्कळदां आपल्याच गांवचा, कधीं तर नात्यांतला. त्याच्याविरुद्ध बोलावें तर गांवीं घरच्यांना तोंड दाखविण्याची पंचाईत. असें असतांही अण्णासाहेबांनीं वखारी-वखारींतून आणि गांवकीच्या खोल्यांतून हिंडून ही विखुरलेली माणसें एकत्र आणलीं, आणि १९६४ सालीं महाराष्ट्र राज्य माथाडी, ट्रान्सपोर्ट आणि जनरल कामगार युनियन ही संघटना उभी केली. मोर्चे झाले, संप झाले, कारावासही घडला. पुण्यास डॉ. बाबा आढाव यांची हमाल पंचायतही ह्याच प्रश्नावर झटत होती, हें येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

ह्या सर्व खटपटीचें फळ म्हणजे १९६९ सालचा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा. त्या वेळीं मुख्यमंत्रिपदीं वसंतराव नाईक होते. ह्या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. बाजारांतील प्रत्येक धंद्यासाठीं किंवा विभागासाठीं एक मंडळ नेमावयाचें. त्यांत कामगारांचे, मालकांचे व सरकारचे प्रतिनिधि बसावयाचे. व्यापाऱ्यानें मंडळाकडे आपलें नांव नोंदवावयाचें, कामगारानेंही नोंदवावयाचें. माल उतरला, कीं त्याची मजुरी व्यापाऱ्यानें गड्याच्या हातांत किंवा टोळीवाल्याच्या हातांत न देतां मंडळाकडे भरावयाची, आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही भरावयाची. मजुरी मंडळ कामगारास देतें. आणि लेव्हींतून त्याचा भविष्यनिर्वाह निधि, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा व औषधपाण्याची सोय होते. कामावर इजा झाली तर १९२३ सालचा नुकसानभरपाईचा कायदा ह्या नोंदलेल्या कामगारांस लागू झाला. मोडलेला पाय कोणाचा, ह्या जुन्या प्रश्नाचें उत्तर अशा रीतीनें प्रथमच कागदावर उमटलें. पुढें केरळ राज्यानेंही ओझीं वाहणाऱ्या मजुरांसाठीं स्वतंत्र कायदा केला.

वरवर पाहतां हा पैशाचा व्यवहार दिसतो. पण पाठीच्या कण्याशीं त्याचा संबंध फार जवळचा आहे. रजेचा पगार मिळतो, म्हणून कंबर धरलेला गडी चार दिवस घरीं पडूं शकतो, आणि जी चमक चार दिवसांच्या विश्रांतीनें बरी होते ती जन्माची व्याधि होत नाहीं. म्हातारपणासाठीं निधि सांठतो, म्हणून साठीच्या माणसाला विशीच्या मुलाबरोबर थप्पी चढण्याची पाळी येऊं नये, अशी निदान आशा असते. टोळीवाल्याची मर्जी राखावयाची नसते, म्हणून जड नगाला दुसरा हात मागतां येतो. पौलाच्या पत्रांतील ओझ्यांविषयींचा उपदेश आमच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्या उपदेशाला हिशेबाच्या वहींत जागा मिळाली, तर ती कशी दिसेल, हें पाहावयाचें असेल त्यानें मंडळाचें लेव्हीचें पान पाहावें. अर्थात् कायदा झाला म्हणजे सर्व सुरळीत झालें असें नाहीं. नोंदणी चुकविणारे व्यापारी राहिले, आणि माथाडींचें नांव पुढें करून उद्योजकांकडून पैसे उकळणारे तोतयेही पुढें निघाले. अशांमुळें खऱ्या घाम गाळणाऱ्याचें नांव खराब होतें, ह्याचें आम्हांला वाईट वाटतें.

हा कायदा मुंबईपुरता राहिला नाहीं. निरनिराळ्या जिल्ह्यांत मंडळें झालीं, आणि सांगलीच्या बाजारांतील हमालही त्याच्या छायेखालीं आले. सांगली म्हणजे हळदीची पेठ. तेथील हमालांच्या कामांत एक असा प्रकार होता, कीं त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. कारण मर्यादा पाठीलाच असते असें नाहीं, ती श्वासालाही असते. सांगलीजवळ कृष्णा व वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. तेथील जमिनींत पाणी झिरपत नाहीं, म्हणून पूर्वींपासून तेथें खोल पेंवें खणून त्यांत हळद सांठवीत. तोंड मातीनें लिंपून टाकलें, कीं आंत प्राणवायु उरत नाहीं; त्यामुळें कीड जगत नाहीं आणि हळद वर्षानुवर्षें टिकते. परंतु ज्या कारणानें कीड जगत नाहीं, त्याच कारणानें पेंव उघडल्याबरोबर आंत उतरणारा माणूसही जगणार नाहीं. म्हणून जाणते लोक पेंवाचें तोंड उघडून कांहीं तास तसेंच ठेवीत, दिवा आंत सोडून तो जळत राहतो कीं नाहीं हें पाहत, आणि मगच उतरत. २००५ सालच्या महापुरांत हीं पेंवें पुष्कळ नासलीं आणि हळद वखारींकडे व शीतगृहांकडे गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचा आनंद आम्हां सर्वांनाच झाला. तिची पोतीं ज्यांनीं काळोखांतून वर काढलीं, त्यांच्या फुप्फुसांची आठवण त्या वेळीं कितीशांना झाली असेल?

अण्णासाहेब पुढें विधान परिषदेचे सभासद झाले. कामगारांसाठीं पतपेढी, ग्राहक संस्था, राहावयास घरें, ह्या गोष्टींकडेही त्यांनीं लक्ष दिलें. दिवसभर पोतीं उचलून रात्रीं गाळ्यांत दहा-वीस जणांनीं पाठीला पाठ लावून निजावयाचें, तर शरीराची झीज भरून यावी कशी, हें त्यांना अनुभवानें माहीत होतें. राजकारणांत त्यांनीं मराठा समाजांतील गरीब कुटुंबांची बाजू घेतली आणि मराठा महासंघाच्या द्वारें आर्थिक निकषावर सवलतींची मागणी केली. ती मागणी योग्य होती कीं नव्हती, ह्या वादांत शाळेच्या मासिकानें पडण्याचें कारण नाहीं. २२ मार्च १९८२ रोजीं मुंबईंत त्यासाठीं फार मोठा मोर्चा निघाला. मागणी मान्य झाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं, २३ मार्च रोजीं, अण्णासाहेबांनीं आपल्या हातानें आपलें जीवन संपविलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ४८ वर्षांचें होतें.

हें वाक्य मुलांपुढें ठेवतांना आमची लेखणी अडखळते. परंतु चरित्र लिहावयास बसल्यावर तें झांकून ठेवणें बरें नव्हे. त्यांच्या अनुयायांनीं त्यास बलिदान मानलें आहे, व त्यांच्या भावनेचा आम्ही मान राखतों. तथापि आम्हांस तें कृत्य अनुकरणीय वाटत नाहीं, हेंही स्पष्ट सांगतों. ज्या माणसानें हजारों हमालांना जड नगाखालीं एकट्यानें न शिरण्याचें बळ दिलें, त्याच्या मनावरील भाराला त्या रात्रीं दुसऱ्या कोणाचा हात लागला नाहीं, ही गोष्ट मनाला चटका लावते. घरांतील वडीलधाऱ्यांनीं हें प्रकरण मुलांशीं मोकळेपणानें बोलावें, आणि मनांतलें ओझें सांगावयास आपला दरवाजा केव्हांही उघडा आहे असें त्यांना कळवावें, अशी पालकवर्गास आमची विनंति आहे.

अण्णासाहेबांच्या मागें संघटना मोडली नाहीं. मुंबईंतील घाऊक बाजार हळूहळू खाडीपलीकडे तुर्भे व वाशी येथें हलले, आणि त्यांच्याबरोबर माथाडीही गेले. २५ सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीच्या दिवशीं, नव्या मुंबईंत माथाडी कामगारांचा मेळावा भरत आला आहे, आणि त्याला पाटण, कऱ्हाड, शिराळा ह्या बाजूचीं पुष्कळ माणसें असतात. १९९८ सालीं राज्य सरकारनें त्यांच्या नांवानें आर्थिक विकास महामंडळ स्थापन केलें. त्याच्या साहाय्यानें धंदा उभारणारे तरुण आमच्याही गांवांतून आढळतात.

पोत्याचें वजनही उतरलें. साखर, धान्य व सिमेंट ह्यांचें पोतें आतां साधारणतः पन्नास किलोंचें असतें. यंत्रें आलीं, चाकांच्या गाड्या आल्या, हें त्याचें एक कारण. आणि माथाडींचा आग्रह हें दुसरें. तरीही कांदा-बटाट्याच्या गोणी भरतांना भाडें वांचविण्यासाठीं पन्नासाच्या जागीं साठ-सत्तर किलो कोंबण्याचा मोह कोणाला तरी होतोच. अशा गोणी आल्या म्हणजे वाशीच्या बाजारांतील माथाडींनीं त्या उतरविण्यास गेल्या कांहीं वर्षांत वारंवार नकार दिला आहे. मालमोटारी रांगेनें उभ्या राहतात, अडत्ये व मोटारवाले हुज्जत घालतात, माल तापूं लागतो. आणि ज्यांच्या आज्यांना शंभर किलोंच्या पोत्यापुढें नको हा शब्द उच्चारतां येत नव्हता, ते गडी हाताची घडी घालून धक्क्यावर बसून राहतात.